अनामिकेतील अंगठी आणि कष्टाचे हात

आपल्या समाजात विवाहप्रसंगी बोटात आलेली अंगठी हा केवळ सोन्याचा एक जिन्नस राहत नाही. साखरपुड्यात वडीलधाऱ्यांच्या साक्षीने घातलेली असो, सासरच्या मंडळींनी जावयास हौसेने केलेली असो, अथवा गोवा व वसई येथील ख्रिस्ती कुटुंबांत चर्चमधील विवाहविधीत वधूवरांनी परस्परांच्या बोटात घातलेली असो. त्या लहानशा वळ्याशी दोन घराण्यांचे नाते जोडले गेलेले असते. अनेक कष्टकरी कुटुंबांत तर तीच घरातील थोड्याफार सोन्यापैकी एक असते आणि अडीअडचणीच्या वेळी हाताशी असलेली शिल्लकही असते. अशी वस्तू बोटातून उतरवून ठेवण्यास मन सहजासहजी धजत नाही, हे स्वाभाविकच होय.

तथापि रुग्णालयाच्या अपघात विभागात हीच अंगठी निराळ्या रूपात समोर येते. सुजलेल्या बोटात रुतून बसलेली, यंत्रात ओढली जाऊन वाकलेली, क्वचित बोटाची त्वचा सोबत घेऊन निघालेली अशी ती असते. कष्टाचे काम करताना अंगठी आणि बोट या दोहोंचे रक्षण कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अहवाल वाचणाऱ्या देणगीदारांपैकी व विश्वस्तांपैकी अनेकांकडे कारखाने, दुकाने, शेतीवाडी व बांधकामे आहेत, तर रुग्णांच्या नातेवाइकांपैकी बहुतेकांचे पोट हाताच्या कष्टावरच अवलंबून आहे. म्हणून हा विषय या दोन्ही वर्गांच्या जिव्हाळ्याचा आहे.

बोटाची रचना आणि अंगठीचे बळ

बोट दिसावयास भक्कम असले तरी त्याची रचना नाजूक असते. बोट हलविणारे मोठे स्नायू हाताच्या पंजात व कोपराखालील भागात असतात. प्रत्यक्ष बोटात येतात ते केवळ त्यांचे दोरीसारखे कंडरे. हाडाच्या दोन्ही बाजूंनी एक एक बारीक रोहिणी व तिच्या सोबतीने संवेदना वाहून नेणारी नस जाते. या रोहिणीची जाडी साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास असते. या साऱ्यावर त्वचेचे आवरण असते. बोटाच्या पेराचा सांधा त्याच्या बुंध्याहून रुंद असल्यामुळे अंगठी सहज गळून पडत नाही. पण याच कारणाने ती कशात अडकली असता सहज निसटूनही येत नाही.

अंगठी एखाद्या खिळ्यात, कडीत अथवा हुकात अडकली आणि त्याच क्षणी माणसाच्या शरीराचा भार खाली आला, की तो सारा भार त्या अरुंद धातूच्या कडेवर एकवटतो. त्वचा प्रथम फाटते, मग रोहिण्या व नसा ताणल्या जाऊन तुटतात आणि हातमोजा उलटा करून काढावा तशी बोटाची त्वचा सोलून निघते. कधी हाडासह बोटच तुटते. धारदार शस्त्राने झालेल्या जखमेपेक्षा ही जखम अधिक कठीण असते. शस्त्राने रक्तवाहिनी एका जागी कापली जाते. येथे मात्र ती लांबवर ताणली जाऊन आतून फाटलेली असते आणि जोडण्यासाठी निरोगी टोक मिळणे दुरापास्त होते. जेम्स अर्बानियाक या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी आपल्या सहकाऱ्यांसमवेत १९८१ साली अशा जखमांची तीन प्रतींत विभागणी केली. पहिल्या प्रतीत रक्तपुरवठा पुरेसा राहिलेला असतो; दुसऱ्या प्रतीत तो अपुरा पडल्यामुळे रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात; आणि तिसऱ्या प्रतीत बोट पूर्णतः सोललेले अथवा तुटलेले असते. तिसऱ्या प्रतीत बोट वाचविण्याचा अट्टहास करावा की ते काढून टाकावे, असा कठोर निर्णय रुग्ण व वैद्य या दोघांना मिळून घ्यावा लागतो.

अनामिकेविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हाताच्या पाठीवरील कंडऱ्यांच्या परस्परांना जोडणाऱ्या पट्ट्यांमुळे हे बोट शेजारच्या बोटांपासून स्वतंत्रपणे फारसे उचलता येत नाही. म्हणजे सर्वांत कमी स्वातंत्र्य असलेल्या बोटातच आपण अंगठी घालतो. शिवाय कुदळ, फावडे, हातोडा यांची मूठ घट्ट आवळण्यात अनामिका व करंगळी यांचा वाटा मोठा असतो. ‘एक बोट गेले, चार तर आहेत’ असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याची उपजीविका मुठीवर अवलंबून आहे, त्याला हे नुकसान रोज जाणवत राहते.

धोका कोठे कोठे असतो

असा अपघात केवळ मोठ्या यंत्रांपाशीच होतो, ही समजूत बरोबर नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध दूरचित्रवाणी सूत्रसंचालक जिमी फॅलन हे २०१५ साली आपल्या घरी अडखळून पडले असता त्यांची विवाहाची अंगठी अडकली आणि बोट सोलवटून निघाले. त्यांच्यावर सुमारे सहा तासांची सूक्ष्म शस्त्रक्रिया करावी लागली व त्यांना दहा दिवस अतिदक्षता विभागात राहावे लागले. घरातल्या घरात असे घडू शकते, तर रोज उंचावरून उड्या टाकणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या माणसाने किती सावध असावे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्याकडे विशेष जपावे असे प्रसंग पुढीलप्रमाणे आहेत.

ट्रकवरून अथवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून खाली उतरताना हमाल बंधू एका हाताने फाळक्याची कड धरून उडी टाकतात. पाय जमिनीकडे जातात, हात वर राहतो आणि अंगठी फाळक्याच्या कडीत अडकते. कुंपणावरून, लोखंडी फाटकावरून अथवा शिडीवरून उडी टाकतानाही हेच घडते.

बैलाचे दावे, विहिरीचा दोर किंवा ओझे बांधण्याची दोरी हाताला गुंडाळून धरण्याची सवय अनेकांना असते. जनावर बुजले किंवा ओझे घसरले, की दोर अंगठीमागे अडकून बोटाला हिसका बसतो.

कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाच्या रसाचा चरक, पिठाच्या गिरणीचा पट्टा, लेथ व ड्रिल ही फिरती यंत्रे आणखी वेगळ्या रीतीने घातक ठरतात. येथे शरीराचा भार नव्हे, तर यंत्राची ओढ बोटाला आत घेते. हातमोजे घातले म्हणजे अंगठी झाकली गेली, असा समज येथे घातक ठरतो. फिरत्या भागाजवळ खुद्द हातमोजाच पकडला जातो. अशा यंत्रापाशी अंगठी, बांगड्या, सैल बाह्या, लोंबता पदर व गळ्यातील साखळी यांपैकी काहीही असू नये.

विजेचे व वाहनदुरुस्तीचे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चांदी व तांबे यांच्या खालोखाल सोने हे विजेचे उत्तम वाहक आहे. मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही, म्हणून कारागीर निर्धास्त असतो. परंतु बॅटरीचे टोक, हातातील पाना, बोटातील अंगठी व गाडीचा सांगाडा यांची जोडणी झाली, की अंगठीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. क्षणार्धात ती तापून लाल होते आणि बोटाभोवती पूर्ण वळ्याच्या आकाराचा खोल भाजलेला व्रण उठतो. घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीबाबतही हीच दक्षता हवी.

गवंडीकामात ओले सिमेंट अंगठीखाली शिरते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे तेथील त्वचा सावकाश जळत जाते आणि दिवसअखेरीस आग होऊ लागल्यावरच ते ध्यानात येते. भांडी घासणाऱ्या व कपडे धुणाऱ्या भगिनींच्या बोटात साबणाचे पाणी साठून राहिल्याने अंगठीखाली खाज, चट्टे व भेगा पडतात. हा सोन्याचा दोष नसून बहुधा अडकलेल्या ओलाव्याचा व साबणाचा परिणाम असतो. मधुमेह असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. कारण संवेदना मंदावलेल्या असल्यास जखम चिघळेपर्यंत कळत नाही. पायातील जोडव्यांनाही हेच लागू आहे.

अंगठीचेही नुकसान होते

कामाच्या वेळी अंगठी बोटात ठेवली म्हणजे ती निदान सुरक्षित तरी राहते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. आपल्याकडे दागिन्यांसाठी प्रचलित असलेल्या २२ कॅरट सोन्यात ९१.६ टक्के शुद्ध सोने असते. असे सोने मऊ असते. फावड्याच्या दांड्यावर, विटांवर, लोखंडी पाइपावर ते रोज थोडे थोडे झिजते. अंगठी वाकून लंबगोल होते. खडा बसविलेली असल्यास त्याचे दाते उघडतात व खडा केव्हा पडला हे कळतही नाही. थर्मामीटर फुटून सांडलेला पारा अंगठीला लागल्यास तो सोन्याशी एकजीव होतो, अंगठीवर पांढरट डाग पडतो आणि ती ठिसूळ होते. असा पारा हाताने गोळा करू नये आणि अंगठी घातलेल्या हाताने तर मुळीच नको.

हरवण्याची भीतीही कामाच्या वेळीच अधिक असते. थंड पाण्यात बोटे आकसतात व साबणाने निसरडी होतात. त्या वेळी सैल अंगठी गळून पडते. हातमोजे काढताना अंगठी त्यांच्या आत राहते आणि हातमोजासोबत कचऱ्यात जाते. सैल अंगठीला आतून दोरा गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण तो दोरा ओलावा व मळ धरून ठेवतो, म्हणून सोनाराकडून माप कमी करून घेणेच बरे. अंगठी मोरीत किंवा बेसिनमध्ये पडली, तर पाणी सोडणे तत्काळ थांबवावे. सोने पाण्याच्या कितीतरी पट जड असल्याने ती बहुधा नळीच्या वळणात तळाशी बसलेली असते. ते वळण खोलून पाहावे. वाळूत किंवा मातीत पडल्यास ती जागा पायाने न तुडवता वरची माती बारीक चाळणीने चाळावी.

भारतात सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्कची योजना २००० साली सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी व अंकी ओळखक्रमांक असणे बंधनकारक झाले. आपल्या अंगठीवर असा क्रमांक असल्यास तो वहीत उतरून ठेवावा, अंगठीचे छायाचित्र काढावे व सोनाराची पावती जपावी. हरवलेली अंगठी कोणी प्रामाणिकपणे आणून दिली, तर ती आपलीच आहे हे सांगण्यास त्याचा उपयोग होतो.

काढून ठेवावी, पण कोठे?

‘कामाच्या वेळी अंगठी काढून ठेवा’ एवढे सांगणे सोपे आहे. ऐकणाराही मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी अंगठी घालूनच कामावर जातो. याचे कारण हलगर्जीपणा किंवा अज्ञान असेलच असे नाही. बांधकामावरील मजुराला, बाजारातील हमालाला, यंत्रमागावरील कामगाराला आपली सोन्याची वस्तू ठेवण्यास विश्वासाची जागाच नसते. डब्याच्या पिशवीत ठेवावी तर पिशवी झाडाला टांगलेली. खिशात ठेवावी तर वाकल्यावर पडण्याचे भय. सोबत्याकडे द्यावी तर उद्या मनात किंतु. अशा वेळी बोट हीच त्याला सर्वांत सुरक्षित तिजोरी वाटते. म्हणून अंगठी काढण्याचा उपदेश करताना ती ठेवण्याची सोय करून देणे हे त्या उपदेशाचे अर्धे अंग आहे, असे आम्ही मानतो.

उत्तम मार्ग म्हणजे अंगठी घरीच ठेवून निघणे. त्यासाठी एक ठरलेली डबी व एक ठरलेली जागा असावी. अनेक घरांत देवघर ही अशी जागा असते. सकाळी देवाला नमस्कार करून अंगठी डबीत ठेवावी आणि संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा बोटात घालावी. म्हणजे विसरण्याचे कारण उरत नाही. रोज नव्या जागी ठेवलेली वस्तू हरवते, ठरलेल्या जागी ठेवलेली सहसा हरवत नाही.

कामाच्या ठिकाणी काढावी लागल्यास ती मोकळी खिशात टाकू नये. जाड कापडाचा छोटा बटवा शिवून घ्यावा व तो आतल्या खिशात सेफ्टी पिनेने अडकवावा. अंगठी गळ्यातील साखळीत ओवून सदऱ्याच्या आत ठेवणे काही कामांत चालते. मात्र फिरत्या यंत्रापाशी व विजेच्या कामात गळ्यातील साखळी अंगठीहूनही अधिक धोक्याची ठरते, हे विसरू नये. सिलिकॉनच्या लवचीक अंगठ्या आता बाजारात मिळतात. जोराचा हिसका बसल्यास त्या तुटतात, म्हणून धातूच्या अंगठीच्या मानाने त्या बऱ्या. पण फिरत्या यंत्रापाशी अथवा भट्टीजवळ त्याही घालू नयेत.

अंगठी बोटात अडकल्यास

वर्षानुवर्षे न काढलेली अंगठी वजन वाढल्याने, गरोदरपणात आलेल्या सुजेमुळे किंवा सांध्याच्या जाडीमुळे निघेनाशी होते. अशा वेळी ओढाताण करू नये. ओढल्याने सूज वाढते. हात काही वेळ डोक्याच्या वर उंच धरावा, थंड पाण्यात बुडवावा, मग साबण किंवा खोबरेल तेल लावून अंगठी गोल फिरवीत हळूहळू पुढे आणावी.

याने काम न झाल्यास दोऱ्याचा उपाय करता येतो. बारीक पण मजबूत दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूस ओढून घ्यावे. उरलेला दोरा अंगठीच्या पुढच्या कडेपासून सुरुवात करून पेराच्या सांध्यापलीकडे जाईपर्यंत, एकाला एक लागून, बोटाभोवती गुंडाळावा. त्यामुळे सूज दबते. मग तळहाताकडील टोक धरून ते बोटाच्या टोकाच्या दिशेने उलगडत न्यावे. दोरा जसजसा सुटतो तसतशी अंगठी पुढे सरकते. दोरा फार वेळ गुंडाळून ठेवू नये.

बोट निळसर अथवा पांढरे पडले असेल, बधिर झाले असेल, जखम असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर घरी कोणताही उपाय न करता थेट रुग्णालयात यावे. अंगठी कापण्याचे साधे उपकरण असते. त्याची पातळ पट्टी अंगठीखाली सरकवतात, म्हणजे त्वचेला पाते लागत नाही, आणि वरून दातेरी चकतीने अंगठी कापतात. सोन्याची अंगठी याने थोड्याच वेळात कापली जाते. टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण द्रव्याच्या अंगठ्या कापल्या जात नाहीत. त्या विशिष्ट पकडीने दाब देऊन फोडाव्या लागतात. कापलेली सोन्याची अंगठी सोनार पुन्हा जोडून देतो. अंगठी कापताना रुग्णाच्या, विशेषतः भगिनींच्या डोळ्यांत पाणी येते. अशा वेळी नातेवाइकांनी दोष न देता धीर द्यावा, ही विनंती.

दुखापतीच्या वेळी काय करावे

हाताला मार लागला, भाजले, गांधीलमाशीने दंश केला किंवा सर्पदंश झाला, तर त्या हातातील अंगठी, बांगड्या व घड्याळ सूज चढण्यापूर्वीच काढावे. पायाला इजा झाली असल्यास जोडवी व पैंजण काढावेत. घोणस व फुरसे यांच्या दंशानंतर सूज लवकर चढते व अंगठी बोटाचा रक्तप्रवाह तोडते. सर्पदंशात आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये व चोखू नये. अंग न हलविता रुग्णास त्वरित रुग्णालयात आणावे.

दुर्दैवाने बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापडाचा दाब द्यावा व हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे व ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुटलेला भाग प्रत्यक्ष बर्फाला अथवा पाण्याला लागता कामा नये, कारण त्याने पेशी मरतात. अंगठी त्यात अडकलेली असल्यास ती काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. १९६५ साली जपानमध्ये शिगेओ कोमात्सु व सुसुमु तामाई या शल्यचिकित्सकांनी पूर्णतः तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने यशस्वीरीत्या जोडला. तेव्हापासून तुटलेले बोट जोडणे हे शास्त्राच्या आवाक्यात आले. केसाहून बारीक धाग्याने रक्तवाहिन्या जोडण्याची ही विद्या अवघड, वेळखाऊ व खर्चाची आहे. आणि अंगठीने सोललेल्या बोटाबाबत तिचे यश अनिश्चित असते. म्हणूनच प्रतिबंध हा येथे खऱ्या अर्थाने उपचाराहून श्रेष्ठ ठरतो.

श्रद्धेचा प्रश्न

अंगठी, जोडवी किंवा मंगळसूत्र अंगावरून उतरविणे हा अपशकुन आहे, अशी भावना अनेक घरांत असते. तिची टवाळी करून काही साधत नाही. परंतु आपल्याच परंपरेत उत्तर सापडते. धार्मिक विधीच्या वेळी दर्भाचे पवित्रक याच अनामिकेत घालतात आणि विधी पूर्ण झाल्यावर ते उतरवितात; त्याने त्या विधीचे पुण्य उणे होत नाही. कबड्डीच्या मैदानावर उतरण्यापूर्वी खेळाडू नखे कापतो व अंगावरील दागिने काढतो. त्याला कोणी अशुभ मानीत नाही. प्रत्येक कर्माला त्याचा वेष असतो, हे आपण पूर्वीपासून जाणतो.

रुग्णालयात तर हे दृश्य नित्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याआधी अंगठ्या, घड्याळ व बांगड्या उतरविण्यास सांगितले आहे. अंगठीखालील त्वचेवर जंतू अधिक प्रमाणात राहतात, हे त्याचे कारण. शस्त्रक्रियागृहात जाणारे शल्यचिकित्सक व परिचारिका आपल्या विवाहाच्या अंगठ्या रोज काढतात व रोज पुन्हा घालतात. रुग्णाकडूनही शस्त्रक्रियेपूर्वी दागिने काढून घेतले जातात ते याच विचाराने. सूज, संसर्ग व विद्युत् उपकरणाने भाजण्याचा संभव टाळावा, एवढाच त्यात हेतू असतो. ज्या हातांनी संसार उभा राहतो, ते हात अभंग राहावेत, यासाठी अंगठी काही तास डबीत राहिली तर त्या नात्याला उणेपणा येत नाही.

आपणास विनंती

या अहवालाच्या वाचकांत जे उद्योजक, व्यापारी, बागायतदार व बांधकाम व्यावसायिक आहेत, त्यांना आमचे नम्र निवेदन आहे. आपल्या कामाच्या ठिकाणी प्रत्येक कामगारासाठी एक लहानसा कुलूपबंद खण ठेवावा आणि त्याची किल्ली कामगाराच्याच हाती असावी. ते शक्य नसेल तेथे क्रमांक घातलेल्या कापडी पिशव्या व नोंदवही ठेवावी. वस्तू देताना व घेताना दोघांनी सही अथवा अंगठा करावा. काम सुरू होण्यापूर्वी मुकादमाने हातांकडे एक नजर टाकावी व दागिने ठेवण्यास सांगावे. हे सांगताना स्वतः मालकाने आपल्या बोटातील अंगठी प्रथम त्या खणात ठेवली, तर निराळ्या उपदेशाची गरज उरणार नाही. एका बोटाच्या शस्त्रक्रियेस व त्यानंतरच्या बुडालेल्या रोजगारास जेवढा पैसा लागतो, त्याच्या तुलनेत खणांची ही व्यवस्था अत्यंत अल्प खर्चाची आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती अशी की, घरी परतल्यावर आपल्या कुटुंबातील प्रत्येकाच्या बोटातील अंगठी निघते की नाही, हे एकदा पाहून घ्यावे. निघत नसेल, तर सूज येण्याची वाट न पाहता सोनाराकडून माप वाढवून घ्यावे. घरात एक डबी नेमून द्यावी व ती सर्वांना ठाऊक असावी.

देणगीदारांच्या औदार्यामुळे गरजू रुग्णांवर उपचार करणे धर्मादाय रुग्णालयांना शक्य होते, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. परंतु अपघात विभागात न आलेला रुग्ण हाही त्या सेवेचाच एक भाग होय. त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. संध्याकाळी तो दहाही बोटांनिशी घरी जातो, डबी उघडतो आणि अंगठी बोटात घालतो. अशी संध्याकाळ अधिकाधिक घरांना लाभावी, हीच सदिच्छा.